‘याच्यात माही सही कुठी हाय?’

एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं कापून देते:

“ताई नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका गावचा. अमरावतीला एमसीए केलं, सध्या घरूनच काम करतो. माझी आई गावातल्या बचत गटाची सचिव आहे, गटात १३ बाया. वहीतली बेरीज दर वेळी कुठंतरी चुकते आणि आई रात्री अकरा वाजेपर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसते, म्हणून मी चार महिने खपून त्यांच्यासाठी अ‍ॅप बनवलं. पूर्ण मराठीत. उघडल्याबरोबर गटाची एकूण बचत, वाटलेल्या कर्जाचा गोल चार्ट, ज्यांचं थकलंय त्यांची नावं लाल रंगात. सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल पाठवली, दोनदा ट्रेनिंग दिलं. पण कोणी हात लावत नाही. एक काकू म्हणे, ‘आमच्याकून नाई होत बापू हे’, आणि माझी आई, जिच्यासाठी एवढं केलं, ती म्हणे, ‘याच्यात माही सही कुठी हाय?’ याच बाया दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप करतात, दुकानात स्कॅन करून पैसे देतात. मग माझंच अ‍ॅप का नको? गावातल्या लोकांना नवीन काही नकोच असतं का? अजून ट्रेनिंग देऊ की सोडून देऊ? स्क्रीनचे फोटो सोबत पाठवतोय. आणि मला अरे-तुरेच करा, तुम्ही आईच्या वयाच्या आहात.”

बापू,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या आईच्या त्या एका वाक्यापाशी थांबले. तू ते तक्रार म्हणून लिहिलंयस, पण अ‍ॅपमध्ये काय राहून गेलं ते तिनं तुला सरळ सांगितलंय. तुझ्या लक्षात आलं नाही कारण तुझ्यासाठी सही म्हणजे फॉर्मच्या खाली मारायची एक रेघ. मी वर्धा जिल्ह्यात सहयोगिनी म्हणून, म्हणजे बचत गटांना मदत करणारी कार्यकर्ती म्हणून, १९ वर्षं गटांमध्ये फिरले, समाजमंदिरात, कोणाच्या ओसरीत, कधी कडुलिंबाखाली सतरंजी टाकून किती बैठकी घेतल्या त्याचा हिशोब नाही, त्यामुळे त्या बायांच्या बाजूनं मी बोलू शकते असं मला वाटतं.

सुरुवातीच्या वर्षांत निम्म्या बाया अंगठा लावायच्या. शाईचं पॅड फिरायचं, अंगठा टेकवला की लगेच पदराला पुसायचा, आणि पुसताना कोणी कोणाकडं बघायचं नाही. मग गटातच सही शिकणं सुरू झालं. एक बाई होती, पन्नाशी ओलांडलेली, दिवसभर कापूस वेचून यायची आणि रात्री चुलीपुढच्या राखेत बोटानं नाव गिरवायची, असं तिच्या सुनेनं मला सांगितलं. ज्या दिवशी तिनं वहीत पहिल्यांदा सही केली त्या दिवशी बैठक संपेपर्यंत तिनं तीन वेळा वही मागून तेच पान उघडून पाहिलं. नंतर दर बैठकीला तिच्या रकमेसमोर तिची सही, पान उलटलं की परत तिची सही, चौदा-पंधरा वर्षांच्या वह्या भरल्या. पैसे दिल्याचा पुरावा तर तो होताच, पण शिवाय त्या वहीत ती स्वतः होती. तू बेरीज सोपी केलीस आणि हे पान काढून टाकलंस. तुझ्या फोटोंमध्ये सदस्याचं नाव आहे, रक्कम आहे, हिरवी टिक आहे. ती टिक कोणी केली? मोबाईलनं. मग आईनं विचारलं ते बरोबरच आहे ना?

आता तुझा प्रश्न, लोकांना नवीन नकोच असतं का. मला हे पटत नाही आणि तुझ्याच पत्रात त्याचं उत्तर आहे. याच बाया स्कॅन करून पैसे देतात म्हणतोस. २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हा ते आजच्या तुझ्या अ‍ॅपपेक्षा कितीतरी जास्त नवीन होतं, खात्यातले पैसे हवेतून जाणार, हातात पावतीसुद्धा नाही. तरी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या मावशीकडं तो कोड लटकलेला दिसतो. का चाललं ते बघ. मोबाईल समोर धरून फोटो काढायचा हे हाताला आधीच माहीत होतं, स्कॅन करणं म्हणजे हाताला तेच काम. पिन टाकायचा हे एटीएममुळे माहीत होतं. आणि दुकानात तो बोलणारा डबा आला, ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’, आपल्याकडं पैसे देताना मोठ्यानं मोजून द्यायची रीतच आहे, एक, दोन, तीन, घ्या बापा, झाले पुरे. तो डबा तेच करतो. म्हणजे आत सगळी यंत्रणा नवी आणि माणसाच्या हाताला, डोळ्याला, कानाला जे लागतं ते जुनं, ओळखीचं. व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच, ज्यांना टाईप करणं जमत नाही त्या बाया माईक दाबून बोलतात, बोलायला कोणाला शिकवावं लागत नाही.

तुला एक घरची गोष्ट सांगते. २००४ च्या लोकसभेला देशभर सगळीकडं मतदान यंत्रावरच झालं. त्याच्या आधी माझ्या मायनं आयुष्यभर कागदावर ठप्पा मारला होता. आदल्या रात्री ती झोपली नाही. ‘मशीन बिघडली तं माह्यावर येईन, चुकीचं दाबलं तं?’ हेच चालू. सकाळी गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली, चेहरा एकदम मोकळा. मला म्हणे, ‘काई नाई वं, तेच होतं, ठप्प्याच्या जागी बटन होतं फक्त.’ मी नंतर त्यावर खूप विचार केला. त्या यंत्रावर नावं एकाखाली एक, जशी मतपत्रिकेवर असायची तशीच, नावाशेजारी चिन्ह, चिन्हाशेजारी निळं बटण. जिथं हात ठप्पा घेऊन जायचा तिथंच बोट गेलं. आणि ती चिन्हं तर १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासूनची पद्धत, वाचता येत नसेल त्यालाही मत देता यावं म्हणून. हे यंत्र पहिल्यांदा वापरलं ते १९८२ मध्ये केरळात परवूरच्या विधानसभा निवडणुकीत, तिथून देशभर जायला २२ वर्षं लागली. कोर्टकचेरी झाली, कायदा बदलावा लागला, पण माझ्या मायसारख्या मतदाराला मात्र ते एका सकाळीच आपलं वाटलं, कारण कागदाची मांडणी कोणी मोडली नव्हती. पुढं काय झालं तेही बघ. लोकांना वाटत राहिलं की दाबलं पण गेलं कुठं, मग कागद परत आणावा लागला, आता काचेमागं चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि मग खाली पडते. २०१९ ला सगळीकडं ती आली. डोळ्यानं बघितल्याशिवाय मन निवत नाही, तुझ्या गटातल्या बायांचंही नाही निवत.

हे फक्त आपल्याकडच्या लोकांचं आहे असं समजू नको. एडिसननं १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज द्यायला सुरुवात केली तेव्हा तिथल्या घरांत गॅसचे दिवे होते. त्यानं काय केलं, गॅसचे नळ जमिनीखालून जायचे तर त्यानं तारा जमिनीखालून नेल्या, गॅसला मीटर होता तर विजेलाही मीटर लावला, आणि दिव्याचा उजेड साधारण १६ मेणबत्त्यांइतका ठेवला कारण गॅसचा दिवा तेवढाच जळायचा. जमिनीखालून तारा न्यायला खर्च आणि कटकट दोन्ही जास्त होती. तरी केलं, कारण गिऱ्हाईकाच्या घरात काहीच उलथंपालथं होऊ द्यायचं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. आमच्या घरी लाईट आली तेव्हा बल्ब कुठं टांगला माहिते? कंदील लटकायचा त्याच खुंटीवर. आणि आजी दिवे लागायच्या वेळेला कंदिलाची काच पुसायची, तशी किती तरी दिवस रोज संध्याकाळी बटण दाबायच्या आधी बल्ब पुसायची. कोणी तिला अडवलं नाही आणि ते चांगलंच झालं, त्या पुसण्यातूनच तो बल्ब तिचा झाला.

तर आता तुझ्या स्क्रीनकडं येते, फोटो मोठे करून करून बघितलेत मी.

पहिली स्क्रीन. गोल चार्ट, चार रंग, खाली ‘डॅशबोर्ड’. चार्ट सुंदर आहे, मन लावून केलायस ते दिसतं, पण तो बघून कोणीही बाई पुढं काय करणार? बैठकीत कोणी गोल बघत नाही. बैठकीत काय होतं, प्रार्थना होते, हजेरी होते, मागच्या बैठकीचं वाचून दाखवतात, मग एकेक जण पैसे पुढं ठेवते आणि सचिव लिहिते. वहीचं पान आठव: अनुक्रमांक, नाव, बचत, कर्जाची परतफेड, व्याज, दंड, एकूण, सही. हाच क्रम गेल्या कित्येक वर्षांत तुझ्या आईच्या हातात बसलाय, ती अंधारातसुद्धा सांगेल दंडाचा रकाना कितवा. तू बचतीची एक स्क्रीन केलीस, कर्जाची दुसरी, दंड तर मेनूत तीन रेघांच्या मागं लपलाय. म्हणजे एका बाईचे पैसे लिहायला आईला तीन ठिकाणी जावं लागतं आणि तोवर पुढची बाई पैसे घेऊन उभी. अ‍ॅप उघडलं की ते पान समोर आलं पाहिजे, त्याच रकान्यांचं, त्याच क्रमाचं, पहिल्या नंबरची बाई पहिली आणि तेराव्या नंबरची तेरावी. तू नावं बाराखडीप्रमाणे लावलीस, ते मोडून टाक. गटातला नंबर म्हणजे बसायची जागा असते, अध्यक्षाच्या शेजारी कोण आणि दाराजवळ कोण हे ठरलेलं असतं.

हे मी ठामपणे म्हणते कारण असं मोडलेलं मी डोळ्यानं पाहिलंय. मी काम करायची तेव्हा एका संस्थेनं आमच्या सगळ्या गटांना नवीन छापील रजिस्टर पाठवलं, जाड कागद, छान बाइंडिंग, पण रकान्यांचा क्रम बदललेला आणि सह्या शेवटच्या वेगळ्या पानावर एकत्र. सोयीचंच होतं ते, ऑडिटवाल्यांना. तीन महिन्यांत निम्म्या गटांनी बाजारातून दहा रुपयांची वही आणून त्यात जुन्यासारखं लिहिणं सुरू केलं आणि महिन्याच्या शेवटी मी जाणार म्हणून त्या रजिस्टरमध्ये उतरवून ठेवायच्या. दुप्पट काम. मी तेव्हा त्यांच्यावर रागावले, आज त्याचं वाईट वाटतं. मोबाईल तर दूरच, साध्या कागदावरसुद्धा क्रम बदलला की माणूस अनोळखी गावात उतरल्यासारखा होतो.

दुसरं, आकडे टाकायची तुझी जागा. फोनवर असतात तशी बटणं दिलीस, वर १-२-३. आणि तूच लिहितोस आई रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसते. कॅल्क्युलेटर हातात घेऊन बघ, त्याच्यावर वर ७-८-९ आहेत. अमेरिकेत १९६३ ला बटणांचा फोन आला त्याच्या आधी त्या लोकांनी निरनिराळ्या मांडण्या माणसांना दाबायला देऊन बघितल्या आणि १-२-३ वर ठेवले, हिशोबाच्या यंत्रांवर मात्र ७-८-९ आधीपासून वर होते, आणि तेव्हापासून दोन्ही चालू आहेत. आता तुझी आई न बघता ४७० दाबेल तर तुझ्या अ‍ॅपमध्ये ४१० पडतील. साठ रुपये कमी. ती परत करेल, परत तेच होईल, आणि तिला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय. ही गोष्ट एवढी बारीक आहे की ती तुला सांगणारही नाही, फक्त म्हणेल ‘नाई होत’. हिशोबाच्या पानावर कॅल्क्युलेटरसारखी बटणं दे आणि ० सुद्धा तिच्या कॅल्क्युलेटरवर जिथं आहे तिथंच ठेव.

तिसरं, ‘व्याजदर वार्षिक २४%’. गणित बरोबर आहे, पण गटात आजवर कोणी चोवीस म्हटलंय का? गटात म्हणतात शेकडा दोन. शंभराला महिन्याला दोन रुपये. ज्या बाईनं शेकडा दोननं पाच हजार उचलले तिला मोबाईल चोवीस दाखवतो, ती घाबरणारच, तिला वाटणार या पोरानं व्याज वाढवलं. ‘शेकडा २’ असंच लिही. पण इथं एक थांबून विचार करण्यासारखं आहे, ओळखीचा शब्द कधीकधी झाकणही घालतो. कर्ज वाटणारे गावात येतात आणि ‘आठवड्याला फक्त एवढेच’ असं सांगून जातात, आणि बँकेचा वर्षाचा दर आणि हे यांची तुलना बाईला करताच येत नाही. म्हणून कर्जाच्या पानावर खाली बारीक अक्षरात ‘वर्षाला शंभरामागे २४’ हेही राहू दे, आणि एखाद्या बैठकीत आईला ते समजावून सांगायला सांग. आधी ओळखीचं दाखव, मग त्याच्याच हाताला धरून नवीन दाखव.

असंच शेतीतही होतं. आपला शेतकरी बोलतो एकरात आणि सातबारा असतो हेक्टर-आरमध्ये, अडीच एकराचा हेक्टर. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, पीक आपणच मोबाईलवर नोंदवायचं. त्यात गट नंबर, खाते नंबर हे शब्द सातबाऱ्यातलेच आहेत म्हणून माणूस लवकर रुळतो, पण क्षेत्र टाकायच्या जागी आला की आमच्याकडचे लोक बोटं मोजताना मी पाहिलेत, तीन एकर सोयाबीन म्हणजे किती टाकू. एका मापाच्या फरकापाशी अख्खं काम अडतं.

चौथं लाल रंगातली नावं. हे मात्र आजच्या आज काढ. वहीत थकबाकी कोणाला दिसायची? लिहिणारीला. ती वही तिच्या मांडीवर असायची, अध्यक्ष हळूच म्हणायची, ‘शेवंता, तुवं जरा पाहून घे वं या खेपेला’, नाहीतर बैठक उठल्यावर चालता चालता बोलणं व्हायचं. कापूस विकला नाही, पोराला ताप होता, नवऱ्यानं घेऊन टाकले, थकण्याची कारणं काय कमी असतात का. तू ते नाव पहिल्या स्क्रीनवर लाल करून तेरा जणींच्या मोबाईलवर पाठवलंस. माझा अंदाज सांगते, तुझ्या अ‍ॅपला सगळ्यात आधी ज्यांनी नको म्हटलं त्यात या बाया असतील आणि त्यांच्या मैत्रिणी असतील. वही बंद करता यायची, तशी ही माहितीही फक्त सचिव आणि अध्यक्षाला दिसू दे, आणि प्रत्येक बाईला तिचं स्वतःचं. तिच्या हातात जुनं पासबुक असायचं ना, तसं.

आणि खाडाखोड. वहीत आकडा चुकला तर आपण त्यावर एक आडवी रेघ मारतो, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवीन आकडा आणि छोटी सही. तुझ्या अ‍ॅपमध्ये आकडा बदलला की जुना गायब. तुला ते स्वच्छ वाटतं, बायांना वाटतं की रात्री कोणी आकडा बदलला तर कळणार कसं. जुना आकडा रेघ मारलेला तसाच दिसू दे, कोणी कधी बदलला ते खाली येऊ दे. पैशाच्या कामात विश्वास असाच बसतो.

आता एक उलटी सूचना, नाहीतर तू दुसऱ्या टोकाला जाशील. वहीसारखं कर म्हटलं म्हणजे स्क्रीनवर पिवळा कागद, स्पायरल, पान उलटायचा आवाज असलं करत बसू नको. अ‍ॅपलनं २०१० मध्ये पुस्तकं वाचायच्या अ‍ॅपमध्ये लाकडी फळ्यांचं कपाट काढलं होतं, २०१३ मध्ये ते काढूनही टाकलं, तोवर लोकांना त्या आधाराची गरज राहिली नव्हती. आणि ओळखीचं म्हणजे कोणाच्या ओळखीचं हेही बघावं लागतं. कॉम्प्युटरवरचं ते फोल्डर, ती कचऱ्याची टोपली, हे सगळं अमेरिकेतल्या ऑफिसच्या टेबलावरून आलंय, १९८१ ला झेरॉक्सच्या स्टार मशीनवर आणि १९८४ ला मॅकिंटॉशवर लोकांनी ते पाहिलं. त्यांना ते घरचं होतं. तुझ्या आईचे महत्त्वाचे कागद कुठं असतात? पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, सातबारा, राशन कार्ड, आधारची झेरॉक्स, सगळं एकात. तिला त्या पिवळ्या फोल्डरचं चित्र काहीच सांगत नाही. तू सेव्हसाठी फ्लॉपीचं चित्र ठेवलंयस, तूसुद्धा फ्लॉपी वापरली नसशील. तिथं सरळ ‘लिहून ठेवा’ असं लिही. चित्रापेक्षा दोन मराठी शब्द कितीतरी चांगले. कागदाचा रंग नाही आणला तरी चालतो, कामाचा क्रम आणि माणसाची जागा मात्र तीच पाहिजे, मी तुला एवढ्यासाठी इतकं लांबण लावून सांगतेय.

आणि एक गोष्ट जिची मला खरंच काळजी वाटते. तू अ‍ॅपची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीस. तुझ्या मनात काही वाईट नाही हे मला माहीत आहे, पण फसवणारे लोक नेमकी हीच वाट वापरतात, सरकारी योजनेचं चिन्ह लावलेली फाईल येते, दिसायला अगदी ओळखीची, टाकली की खातं रिकामं. ओळखीच्या दिसण्यावर माणूस भरवसा ठेवतो हे त्यांनाही चांगलं कळतं. तुझ्या फाईलनं तेरा बायांना सवय लागेल की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं टाकून घ्यायचं असतं. म्हणून प्ले स्टोअरवर टाक, वेळ लागला तरी चालेल, पैसे भरावे लागले तरी भर, आणि तोवर स्वतः समोर बसून आईच्या एकटीच्या मोबाईलमध्ये टाकून दे. बैठकीत बायांना हे आवर्जून सांग की आपल्या गटाचं अ‍ॅप कधीही बँकेचा पिन किंवा ओटीपी मागणार नाही, आणि पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन फक्त द्यायला लागतो. कोणाचं काही झालंच तर वेळ न घालवता १९३० नंबर लावायचा. हे भिंतीवर लिहून ठेवायला सांग, खडूनं चालेल.

ट्रेनिंग अजून देऊ का विचारलंस. नको देऊ. तेरा जणींसमोर एकीला उभं करून ‘काकू, आता कुठं दाबाल’ विचारलं की तिला शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं होतं, आणि ज्या शाळेत गेल्याच नाहीत त्यांना तर त्याहून. ‘आमच्याकून नाई होत’ हे बरेचदा ‘सगळ्यांसमोर नाई होत’ असं असतं. त्यापेक्षा पुढच्या दोन बैठकींना नुसता जाऊन बस, मोबाईल खिशात, तोंड बंद. कोण काय कितव्या वेळी बोलते, आई पैसे आधी मोजते की आधी लिहिते, रक्कम मोठ्यानं कोण पुकारते, ते बघ. रक्कम पुकारत असतील तर तुझ्या अ‍ॅपनंही पुकारावी, ‘शंभर रुपये, बचत’, हे तुला जमण्यासारखं आहे. मग नवीन पान बनवून आईच्या हातात दे, घरी, संध्याकाळी, दुसरं कोणी नसताना, आणि तू मागं बस. ती अडली तर लगेच हात पुढं करू नको. कुठं अडली ते लिहून घे, तिथं दुरुस्ती तुझ्याकडून व्हायची आहे.

वही बंद करू नको. निदान या वर्षीचं ऑडिट होईस्तोवर दोन्ही चालू दे. सुरुवातीला त्या अ‍ॅपची बेरीज कॅल्क्युलेटरवर परत करून बघतील, तुला वाईट वाटेल, वाटू देऊ नको, चार-सहा बैठकी सारखीच आली की आपोआप बघणं कमी होईल. झडी लागली की तुमच्याकडंही नेटवर्क जात असेल, तेव्हा नेटशिवाय पान उघडलं पाहिजे आणि लिहिता आलं पाहिजे, नाहीतर एका पावसाळी बैठकीत तुझं सगळं काम वाया जाईल. आणि महिन्याच्या शेवटी त्याच रकान्यांचं पान कागदावर छापून देता येईल असं कर, बँकेत साहेबासमोर ठेवायला त्यांना कागद लागतो.

सोडून तर अजिबात देऊ नको. रात्री अकरापर्यंत बेरीज करणाऱ्या आईसाठी कोणी चार महिने बसतं का? तू बसलास. माझ्या १९ वर्षांत किती सचिव बायांचे डोळे त्या बेरजांनी गेले ते मी पाहिलंय, तेव्हा तुझ्यासारखा पोरगा एखाद्या गावात असता तर मी रोज त्याच्या दारात उभी राहिले असते.

सहीचा रकाना शेवटचा ठेव, एकूणच्या शेजारी, आणि तो चांगला मोठा कर, बोटानं नाव काढता येईल एवढा. अंगठाच लावणाऱ्या कोणी असतील तर त्यांच्यासाठी तशी जागा ठेव. एकदा केलेली सही दर वेळी आपोआप चिकटवायची सोय मात्र करू नको, तुला मोह होईल, पण दर बैठकीला ती तिनं स्वतः केली पाहिजे. आणि हे बनवायच्या आधी आईलाच विचार की रकाना उजवीकडं पाहिजे की नावाजवळ. ती सांगेल तिथं ठेवजो.

— तुझी ताई